खंडेनवमीला पूजलेला गेमचा डबा

मित्रांनो, मी एक गेमिंग कन्सोल. वय वर्षं अकरा. आमच्या जातीत अकरा वर्षं म्हणजे म्हातारपण, असं तुमच्यासारखी पोरं म्हणतात. म्हणा बापडे. मला जुना म्हटलेलं चालतं, कारण ते खरं आहे. भंगार म्हटलेलं मात्र अजिबात चालत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. एक लांबलचक पट्टा होता, त्यावरून आम्ही शेकडो भावंडं सरकत होतो. कुणीतरी माझ्या पोटात चिप बसवली, फिरणारी डिस्क बसवली, चिप गार ठेवायला एक पंखा बसवला आणि झाकणाला चार स्क्रू पिळले. मग खोकं, मग जहाज, मग ट्रक. डोळे उघडले ते थेट कोल्हापुरात, श्रेणिकअण्णांच्या दिवाणखान्यात.

श्रेणिकअण्णांचा शिवाजी उद्यमनगरात कारखाना आहे. इंजिनांचे सुटे भाग तिथे तयार होतात. त्यांचा मुलगा जिनेश तेव्हा सहावीत होता. मला पहिल्यांदा टीव्हीला जोडलं तेव्हा त्याच्या मित्रांनी एवढा गलका केला की शेजारचे लोक विचारायला आले. ‘नादखुळा! विषय हार्ड!’ असं काय काय माझ्याबद्दल बोललं गेलं. त्यांच्या घरी सूर्यास्ताआधी जेवायची पद्धत, आणि नेमका त्याच वेळी सामना रंगात यायचा. अण्णांना जिनेशला हाताला धरून पानावर न्यावं लागायचं. सहा-सात वर्षं मी अशी गाजवली. तुम्हाला फुशारकी वाटेल. वाटू दे.

मग नवा आला. पांढरा, उंच, ताठ मानेचा. खोटं कशाला बोलू, तो गुणी होता. त्याच्या पोटात फिरणारी डिस्क नव्हतीच. मला एक गेम उघडायला दीड मिनिट लागायचं, तो चार-पाच सेकंदांत उघडून मोकळा. त्याच्या चित्रात पाण्यावर पडलेलं ऊन खरं वाटायचं, काचेत समोरच्या माणसाचं प्रतिबिंब दिसायचं. चिप गार ठेवायला त्याच्यात म्हणे पाण्यासारखा पातळ धातू भरलेला. माझा पंखा तापला की घरघरायचा, त्याचा आवाजच यायचा नाही. त्याचा मला राग नाही आला. राग आला तो जिनेशचा. माझी वायर उपटत तो मित्राला म्हणाला, “हा डेड हाय आता.” माझा दिवा चालू होता तेव्हा! अरे, मेलेल्याच्या अंगात दिवा जळतो का?

तीन वर्षं मी कपाटात कॅरम बोर्डाच्या खाली पडून होतो. एकदा घर आवरताना मला पोत्यात घातलं आणि भंगारात द्यायला कारखान्यात नेऊन ठेवलं. बाजूला लोखंडाच्या किसाचा ढीग. मी मनाशी म्हटलं, घ्या मला वितळवायला, पण घाबरून जाणार नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात अण्णा गुंडू मिस्त्रींना भेटायला निघाले होते.

गुंडू मिस्त्री म्हणजे अण्णांच्या कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर. बत्तीस वर्षं एकाच लेथ मशीनवर. फिरणाऱ्या मशीनवर धातूचा तुकडा लावून तो हव्या त्या मापाचा कातायचा, हे त्यांचं काम. अंगठ्याचं नख फिरवून केसाएवढा फरक सांगायचे. शिमग्यानंतर एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. अर्धांगाचा झटका. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात तसाच लुळा राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी कोपऱ्यात भिरकावला होता.

अण्णांनी मला पोत्यातून काढलं, गाडीत घातलं आणि कळंब्याला मिस्त्रींच्या घरी नेऊन टेबलावर ठेवलं.

“मिस्त्री, ह्यानं अंगठा हलंल,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, मी काय बारकं पोरगं हाय व्हय?”

“पोरगं न्हाई. माझा मिस्त्री हाय. म्हणून सांगतोय ते ऐका.” अण्णांनी आवाज खाली आणला. “तुमच्या मशीनला दिवाळीपर्यंत कुणाला हात लावू देत न्हाई मी. पण ऑर्डरी थांबत न्हाईत. दिवाळीनंतर मला दुसरा माणूस बसवायला लागंल. मग माझ्या हातात काय र्‍हाणार न्हाई.”

अण्णा गेल्यावर मिस्त्री बराच वेळ त्या लुळ्या हाताकडे बघत बसले. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी चहा आणून ठेवला तो तसाच निवला. दिवाळीला सात महिने होते.

त्यांची मुलगी अदिती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिनं मला आधी उघडलं. मित्रांनो, त्या चार स्क्रूंना आजवर कुणी हात लावला नव्हता! तिनं तीन वर्षांची धूळ झाडली, चिपवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, फिरणारी डिस्क काढून तिच्या जागी नव्या प्रकारची, न फिरणारी एसएसडी बसवली. दीड मिनिटाचे वीस सेकंद झाले. नव्याच्या चार-पाच सेकंदांशी मी बरोबरी सांगत नाही. पण भंगाराच्या पोत्यातून आलेल्यानं एका दुपारीत एवढं कमावलं की नाही, सांगा.

कंट्रोलरवर अंगठ्यानं गाडी वळवायची एक बारकी दांडी असते, तिच्यावरून मिस्त्रींचा अंगठा घसरायचा. अदितीनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यावर चढवला. दांडी तर म्हातारीच झाली होती, हात न लावताही डावीकडे ओढायची. मोटारींच्या शर्यतीत पहिल्या दिवशी मिस्त्रींची गाडी मोजून एक्केचाळीस वेळा भिंतीवर गेली.

अदितीला वाईट वाटलं. “पप्पा, दांडी बदलू या का? खराब झालीय.”

मिस्त्रींनी दांडी हळूच इकडून तिकडे हलवून बघितली. “खराब न्हाय गं. ढिली हाय. माझ्या मशीनच्या चाकालाबी असाच खेळ हाय बत्तीस वर्षं. किती ढिलं हाय ते हाताला कळलं की काम हुतंय.”

ऐकलंत? अकरा वर्षांत माझ्या दोषाला कुणी दोष न म्हणणारा हा पहिला माणूस. अदितीनं मग सेटिंगमध्ये जाऊन त्या ढिलाईला जरा जास्तच मोकळीक दिली. तिचा भलताच उपयोग झाला. मिस्त्रींचा अंगठा थरथरायचा, पण ती थरथर त्या मोकळ्या जागेतच जिरायची, गाडीपर्यंत पोचायची नाही. खरोखर ढकललं तरच गाडी वळायची.

रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. “वळ की गं भवाने!” असं गाडीला ओरडायचे. पावसाळ्यात अंगठा हलायला लागला. श्रावणात तर्जनी आली. गणपतीत त्यांनी उजव्या हातानं आरतीचं तबक धरलं, खालून शालूबाईंचा हात होता पण धरलं. मी रोज तापत होतो, घरघरत होतो आणि मनात म्हणत होतो, नाद न्हाय करायचा आपला!

आणि मग खंडेनवमी आली.

तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. उद्यमनगरात तर मशीनमशीनला झेंडूच्या माळा. बत्तीस वर्षं मिस्त्रींनी आपल्या मशीनची पूजा चुकवली नव्हती. यंदा मात्र हट्टाला पेटले. “चार माणसांत हात लोंबकळत कशाला जाऊ? एकदम कामालाच जाईन.” म्हणून शालूबाईंनी घरीच पाट मांडला. त्यावर मिस्त्रींची मोजमापाची हत्यारं ठेवली, अदितीचा स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

“त्यो डबाबी ठेव,” मिस्त्री म्हणाले.

“अवं, गेमाची पूजा?” शालूबाई हसायलाच लागल्या.

“आज माझं हत्यार त्येच हाय की.”

मित्रांनो, मला आजवर खेळणं म्हणाले, टाइमपास म्हणाले, पोरं बिघडवणारा म्हणाले. हत्यार कुणी म्हटलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. वायर लांब होती, म्हणून मला चालूच ठेवून पाटावर घेतलं. अदितीनं इंटरनेटवरून एक मोठा गेम उतरवायला लावला होता, तो बंद करायचा नव्हता. शालूबाई म्हणाल्या, मी लावते हळदकुंकू. मिस्त्री ऐकतात होय! पूजा उजव्या हातानंच करायची असते आणि स्वतःच्या हत्याराची स्वतःच करायची असते. त्यांनी थरथरत्या बोटांत कुंकवाचा करंडा धरला, माझ्यावर आणला आणि तो सुटला. सगळा करंडा माझ्या वरच्या जाळीत.

माझ्या पंख्याचं कामच हवा आत ओढायचं. त्यानं एका दमात सगळं कुंकू ओढलं. मागच्या बाजूनं गुलाबी ढग निघाला, भिंत रंगली, शालूबाईंचा पदर रंगला. सगळे पोट धरून हसले. मिस्त्रीसुद्धा.

अदिती म्हणाली, “थांबा, बंद करून आतलं साफ करते,” आणि तिनं पाटावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलायला हात घातला.

“आं! आज हत्यार उचलायचं न्हाय,” मिस्त्री गरजले. “पूजा झालीय. आता दसऱ्यालाच. त्येलाबी बंद करू नको, काय धाड भरलीय त्येला? चालतंय की चांगलं.”

झालं! हत्यारांचा मान राखायचा म्हणून हत्याराचाच जीव टांगणीला. कुंकू पंख्याच्या तेलात मिसळलं. पंख्याचा दांडा ज्या बारक्या नळीत फिरतो, तिला बुश म्हणतात. त्या बुशमध्ये ते खरखरीत कुंकू रात्रंदिवस घोटलं गेलं. मी ओरडत होतो, पण माझ्या घरघरीला घर सरावलेलं होतं. दसऱ्याच्या सकाळी पंखा अडकला, चिप तापली आणि मी बंद पडलो. मला हे सगळं सांगताना आजही संताप येतो. आणि संतापलो तरी त्या माणसावर रागावता येत नाही, ही त्यातली गोची आहे.

दिवाळीला अठरा दिवस उरले होते.

अदितीनं मला गावातल्या एका दुकानात नेलं. तिथल्यानं मला उघडलंसुद्धा नाही. “ह्याचे पार्ट येत न्हाईत आता. टाकून द्या की. नवा घ्या.” तिकडे जिनेश, आता पुण्याला असतो, दसऱ्याच्या सुट्टीत घरी आला होता. त्याला कळलं तसा तो आपला पांढरा घेऊन मिस्त्रींच्या दारात हजर. पोरगं मनाचं चांगलं, हे मला कबूल करावंच लागेल. “काका, हा वापरा. ह्याच्यात सगळं भारी हाय.”

भारी होतंच. तेच तर नडलं. नव्याची दांडी लोण्यासारखी, सूतभरही ढिलाई नाही. मिस्त्रींच्या अंगठ्याची थरथर जशीच्या तशी पडद्यावर. गाडी दारुड्यासारखी झोकांड्या खात भिंतीवर. जिनेशनं सेटिंग बदलून बघितलं, कंट्रोलर बदलून बघितला, पण हाताच्या ओळखीची ती ढिलाई काही येईना. मिस्त्रींना पडद्यावर फक्त आपला थरथरता हात दिसत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. “र्‍हाऊ दे लेकरा. ह्यो हात काय आता कामाचा न्हाय.” मग ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. शालूबाई जेवायला वाढायच्या, ते डाव्या हातानं चार घास खायचे आणि उठायचे. सात महिन्यांची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर वाया चालली होती आणि मी टेबलावर मुकाट पडलेलो.

शेवटी अदितीनं मला पुन्हा उघडलं. पंखा सोडवला, बुश बाहेर काढलं. वाटाण्याएवढं. कुंकवानं लाल झालेलं, आतून झिजून वेडंवाकडं झालेलं. तिनं ते बापाच्या तळहातावर ठेवलं.

“पप्पा, एवढ्यासाठी बंद पडलाय. हे कुठं मिळत न्हाय.”

मिस्त्रींनी नखानं आत चाचपून बघितलं. मग पुन्हा बघितलं. “आगं, बुश हाय की हे! बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? कुठं मिळत न्हाय म्हणं!”

ते उठले, आणि पायात चपला घातल्या.

कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती, तरी अण्णांनी दार उघडून दिलं. अदितीनं मला तसाच पोट उघडं ठेवून पिशवीतून नेलं आणि मशीनशेजारच्या टेबलावर ठेवलं. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः बघितलं आहे, ऐकीव नाही. मिस्त्रींनी मशीनवरून हात फिरवला. गनमेटलची, म्हणजे त्या तांबूस धातूची एक बारकी कांडी निवडली आणि चकात, म्हणजे मशीनच्या फिरत्या जबड्यात आवळली. मशीन सुरू झालं.

पहिलं बुश बिघडलं. भोक मोठं झालं, दांडा आत लळतलोंबत फिरायला लागला. दुसरं कापताना हात उडाला, त्याचे तुकडे झाले. मिस्त्रींच्या कपाळावरून घाम निथळत होता.

अण्णा पुढे झाले. “मिस्त्री, मी काढू का?”

“हात लावायचा न्हाय!” ते एवढ्या जोरात ओरडले की अण्णा, मालक असून, दोन पावलं मागे सरले.

मला तोंड असतं तर मीही ओरडलो असतो. आरं वळीव की! एक्केचाळीस वेळा भिंतीवर गेलास तेव्हा हरला नाहीस आणि दोन कांड्यांना हरतोस? तेवढ्यात अदिती त्यांच्या खांद्याशी वाकली. “पप्पा, सगळा हात नको. नुसता अंगठा. शर्यतीत वळणावर करता तसं.”

त्यांनी उजवा हात पातं पुढे सरकवायच्या चाकावर टेकवला आणि नुसत्या अंगठ्यानं ते चाक ढकललं. थांबले. पुन्हा ढकललं. हात थरथरत होता, मी बघत होतो. पण चाकाला बत्तीस वर्षांची ढिलाई होती, आणि थरथर त्या ढिलाईत जिरत होती. खरोखर ढकललं तेवढंच ते पुढे सरकत होतं. वाटाण्याएवढं बुश कापून तळहातावर पडलं. मिस्त्रींनी त्यात नख फिरवलं आणि ते अदितीकडे दिलं.

तिनं ते पंख्यात बसवलं, पंखा माझ्यात बसवला, वायर लावली. पंखा फिरला. मिस्त्रींनी माझ्या पोटाला कान लावला. मशीनचा आवाज ऐकतात तसा माझा आवाज ऐकला. घरघर नव्हती. कंपनीनं घालून दिलेल्या बुशपेक्षा हे सरस होतं, हे मी छाती ठोकून सांगतो.

अण्णांनी खिशातून घडी घातलेलं एक ड्रॉइंग काढलं आणि मशीनवर ठेवलं. “चाळीस बुश हायेत. दिवाळीनंतर पयल्या दिवशी सुरू करायची. आठला या.”

मिस्त्री रडले. उघड्यावर, मालकासमोर, लेकीसमोर. अदितीही रडली. मी रडलो नाही, पण माझा पंखा उगाचच जोरात फिरला.

आता गुंडू मिस्त्री रोज कामावर जातात. हात अजून पूर्ण सरळ नाही, संध्याकाळी दुखतो, पण चालतो. माझ्याशी खेळायला त्यांना वेळ नाही. तुम्हाला वाटलं असेल, आता हा रडगाणं गाणार. मुळीच नाही. ज्याचं काम झालं त्यानं मला धरून बसावं, असं मला कधीच वाटलं नाही.

मित्रांनो, नवं घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, खेळा, नव्याच्या चित्रातलं ऊन बघा. पण जुन्याला ‘डेड’ म्हणायच्या आधी त्याचं झाकण उघडा. चार स्क्रू असतात. आत धूळ असेल, वाळलेली पेस्ट असेल, वाटाण्याएवढं काहीतरी झिजलेलं असेल. दुकानदार म्हणतो पार्ट मिळत नाही. अरे, मिळत नाही तर करा की! करणारी माणसं तुमच्याच गल्लीत राहतात, त्यांना एकदा विचारा तरी. आणि ज्याला नाव ठेवता तो दोष कुणाच्या उपयोगी पडेल, ते तुम्हाला काय ठाऊक?

मागच्या आठवड्यात मिस्त्री सुट्टीच्या दिवशी मला घेऊन निघाले. शालूबाई म्हणाल्या, द्या इकडं, मी धरते. “माझ्याच हातात र्‍हाऊ दे,” म्हणाले. दोन गल्ल्या पलीकडे धोंडुबाई राहतात. त्यांची खानावळ होती, रोज दीडशे भाकरी स्वतः थापायच्या. जानेवारीत झटका आला आणि हात गेला. मिस्त्रींनी मला त्यांच्यापुढे ठेवलं तशा त्या खेकसल्या, “आणि ह्या डब्यानं काय हुतंय? भाकरी थापता येणार हाय व्हय मला?”

ज्या हातानं मला आणलं होतं तो उजवा हात मिस्त्रींनी धोंडुबाईंच्या पुढ्यात धरला. पाची बोटं मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

धोंडुबाईंनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“लाव की मग,” त्या म्हणाल्या.